चौदा ओले शर्ट

सामना चारचा. सव्वातीनला रेफरी ड्रेसिंग रूमच्या दारात येऊन म्हणाला, "पाहुणे पण पिवळ्यातच आलेत. अशा वेळी शर्ट घरच्या संघाने बदलायचे. चारला रंग वेगळा दिसला नाही तर सामना त्यांना."

सामना गेला की क्लब थेट खालच्या गटात. सगळ्यांच्या माना मालकांकडे वळल्या. कापड रंगवायचा कारखाना त्यांचा, क्लबचे डायरेक्टरही तेच. जुन्या पांढऱ्या शर्टांना पिवळा रंग त्यांनीच हौसेने चढवला होता, फक्त लीगला कळवायचं राहून गेलं होतं.

"बघता काय? काढा शर्ट."

गोलकीपर लाल शर्टात, म्हणून तो वाचला. बाकीचे चौदा शर्ट गाडीत कोंबून मालक जे सुटले ते दोन गल्ल्या पलीकडे कारखान्यातच थांबले. हौदावर थोरली बहीण उभी होती. रंगाचं सगळं तिच्या हातात. निळं पाणी रटरटत होतं.

"ताई, हे बुडव आधी. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा होतो."

"मला शिकव आता तू." ताईने काठीने शर्ट खाली दाबले. "तासभर ठेवायचे, मग तीन पाण्यांतून काढायचे. नाहीतर रंग अंगाला लागेल."

"पंधरा मिनिटं आहेत गं."

"मग लागेल."

चारला दोन मिनिटं कमी असताना पोरांनी ते गरम, ओले शर्ट अंगात घातले. कुठे गडद, कुठे फिका, पण हिरवा. रेफरीने नाक मुरडलं आणि शिट्टी वाजवली.

पहिल्याच धक्क्यात पाहुण्यांच्या बॅकची अख्खी बाही हिरवी झाली. मग दुसऱ्याची पाठ. त्यांचा डायरेक्टर मालकांच्या शेजारीच बसला होता, तो ताडकन उठला. "अरे, आपले शर्ट नवे कोरे आहेत, आजच घातलेत. चिकटू नका त्यांना, लांबून खेळा."

मालकांना वाटलं, कानांना भास झाला. पण पाहुणे खरंच अंग चोरायला लागले. सत्तराव्या मिनिटाला कॉर्नर आला तेव्हा आपल्या लंबूच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. त्याने निवांत उडी मारली आणि डोक्याने बॉल जाळीत घातला.

"आता शर्ट गेले खड्ड्यात," शेजारचा किंचाळला, "भिडा."

भिडले. शेवटच्या वीस मिनिटांत कोण कुणाचा ते रेफरीलाही कळेना. मालक खुर्चीवर उभे, घसा बसलेला, डोळे घड्याळावर. शिट्टी झाली. एक-शून्य.


क्लब वरच्या गटातच राहिला, आणि मालक कुंपणावरून उडी मारून मैदानात.