शुक्रवारची लाळ

परळच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर सुचित्रा आंब्रे अठरा वर्षं टेक्निशियन होती. त्यांतली शेवटची चार वर्षं तिने लोकांची लाळ तपासण्यात घालवली होती. जिभेचा, गालाचा, घशाचा कॅन्सर झालेल्यांची लाळ. पेशी मोडायला लागल्या की त्यांच्यातलं एलडीएच नावाचं एन्झाइम लाळेत उतरतं. ते किती जोमाने काम करतंय हे यंत्रावर मोजता येतं. नळीत रसायन घालायचं आणि पडद्यावरचा आकडा दर मिनिटाला किती झपाट्याने उतरतो ते पाहायचं; वेग जितका जास्त, तितकं एन्झाइम जास्त. या वेगाच्या आकड्यावरून आजार परत येतोय का हे आधीच कळेल का, असा डॉ. रघुवीर नाबर यांचा अभ्यास होता. अभ्यास सरांचा असला, तरी हात सुचित्राचे होते.

जूनमध्ये अपूर्वा आली. सत्तावीस वर्षांची, दादरला राहणारी, पीएचडीसाठी रुजू झालेली. पहिल्याच आठवड्यात सरांनी सुचित्राला बोलावून सांगितलं, "लाळेचं काम आता अपूर्वा बघेल. तुम्ही शुक्रवारी खाली रुटीन तपासण्यांना बसा, तिथे माणूस कमी आहे. मंगळवारी तिला मदत करा."

"बरं सर," सुचित्रा म्हणाली. लालबागला घरी जाऊन तिने नवऱ्याला हे सांगितलंसुद्धा नाही. काय सांगणार? पगार तोच, जागा तीच.

पण दुसऱ्या दिवसापासून तिला अपूर्वाचं सगळं दिसायला लागलं. सर तिला नावाने हाक मारायचे, आणि सुचित्राला अजूनही "ओ मॅडम". अपूर्वा सरांसमोर खुर्ची ओढून बसायची. "सर, मला असं वाटतं की..." असं वाक्य सुरू करायची आणि सर पेन खाली ठेवून ऐकायचे. चार वर्षांत सुचित्राला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. तिच्या आकड्यांवर सरांचे दोन पेपर छापून आले. त्यांत तिचं नाव शेवटी, आभारात होतं. एकात तर आंब्रेचं आंबेकर झालं होतं.

हेही तिने गिळलं असतं. पण शेवंतीकाकींचं तिला गिळवेना.

शेवंतीकाकी काळाचौकीच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बारा वर्षं झाली. मिशेरीने गालाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक दिले. शेकांनंतर तोंड असं कोरडं पडलं की दोन चमचे लाळ द्यायला त्यांना अर्धा तास लागायचा. सुचित्रा शेजारी बसायची. कधी चिंचेचं नाव काढायची, कधी कैरीच्या लोणच्याचं. काकी हसायच्या, हसता हसता थेंब थेंब नळीत पडायचा. "बाय माझे, तू नसतस तर माझा तोंड सुकानच गेला असता," असं म्हणायच्या.

जुलैतल्या पहिल्याच शुक्रवारी सुचित्रा खालून वर आली, तर काकी अपूर्वाचा हात धरून बसल्या होत्या. डब्यात गुळाच्या रसातल्या खापरोळ्या होत्या. "ह्या चेडवासाठी हाडलंय," अपूर्वाला जवळ ओढत काकी म्हणाल्या. "लय गोड बोलता गो." मग सुचित्राकडे वळून, "तू पण घे एक."

तू पण. सुचित्रा म्हणाली, "नको काकी, उपास आहे." उपास नव्हता.

त्याच संध्याकाळी अपूर्वाने तिला विचारलं, "ताई, शुक्रवारी ओपीडी संपेपर्यंत सहा वाजतात. नमुने फ्रीजरमध्ये ठेवून सोमवारी लावले तर चालतील ना?"

सुचित्राला उत्तर माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी वडिलांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा तिने एक रॅक फ्रीजरमध्ये ठेवला होता. परत मोजला तर आकडे निम्म्यावर आले होते. हे एन्झाइम गोठवलं की मरगळतं. तेव्हापासून ती शुक्रवारी सातपर्यंत थांबायची आणि वहीत फक्त "त्याच दिवशी" एवढंच लिहायची. का, ते लिहायला कुणी सांगितलं नव्हतं.

"तू पीएचडी करतेयस," ती म्हणाली. "तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

अपूर्वाला त्यातला काटा कळला नाही. "थँक यू ताई," म्हणत तिने रॅक उचलला.

आता गंमत अशी होती की मंगळवारी नवे पेशंट यायचे, उपचार न झालेले. त्यांची लाळ ताजी तपासली जायची. शुक्रवारी यायचे ते उपचार झालेले, आणि त्यांची लाळ गोठून सोमवारी यंत्रात जायची. सहा आठवड्यांत अपूर्वाचा आलेख सुरेख निघाला. उपचाराआधी आकडे उंच, उपचारानंतर सपाट. मीटिंगमध्ये सर म्हणाले, "याला म्हणतात काम. चार वर्षांत इतका स्वच्छ फरक दिसला नव्हता." सगळ्यांनी माना डोलावल्या. हैदराबादच्या परिषदेला सारांश पाठवायचं ठरलं.

चार वर्षांत दिसला नव्हता, म्हणे. त्या शुक्रवारी सुचित्राने खालचं काम लवकर आटपलं, आठ नमुन्यांतून थोडी थोडी लाळ वेगळी काढली आणि ताजी मोजली. सोमवारी अपूर्वाचे आकडे आले ते त्याशेजारी लिहिले. काही निम्मे, काही त्याहून कमी. तो कागद तिने कपाटात ठेवला. हैदराबादला कुणीतरी मोठा डॉक्टर उभा राहील आणि विचारेल, नमुने गोठवले होते का? ती अपूर्वाचा चेहरा मनात पाहायची. मग रात्री छान झोप लागायची.

ऑगस्टच्या तिसऱ्या शुक्रवारी ती जेवायला निघाली होती, तर लिफ्टपाशी शेवंतीकाकी भेटल्या. हातात पिशवी, चेहरा खुललेला.

"झालं का काकी?"

"झाला गो. गावाक जातंय आता. गणपती करूनच येतलंय, दोन म्हैन्यांनी."

"पुढच्या महिन्यात तपासणी आहे ना?"

"खयची तपासणी! त्या चेडवान सांगल्यान, आजी, तुमचो आकडो एकदम चांगलो. मशीन खोटा बोलता काय?" काकींनी मान वळवली तेव्हा पदर सरकला, आणि त्यांचा हात आपसूक जबड्याखाली गेला.

"तिथे काय आहे?"

"काय नाय. बारीकशी गाठ हा. दुखणा नाय म्हणान डॉक्टराक बोलूक नाय. आकडो चांगलो हा ना."

सुचित्राने बोटं लावली. चिंचोक्याएवढी होती. कडक, आणि दाबली तरी जागची हलेना. ती डॉक्टर नव्हती, पण अठरा वर्षं या इमारतीत होती.

"काकी, चला."

"अगो, माझी गाडी..."

"गाडी राहू दे. चला म्हणते ना!" तिचा आवाज इतका चढला की लिफ्टवाला वळून बघायला लागला.

ओपीडीत सरांनी गाठ तपासली. सुई टाकून तपासायची चिठ्ठी लिहिली. काकींना बाहेर बसवून सुचित्रा कपाटातला कागद घेऊन परत आली. आत सर होते आणि अपूर्वा.

"सर, शुक्रवारचे सगळे आकडे चुकीचे आहेत," ती म्हणाली. "गोठवल्यावर या एन्झाइमचा जोर उतरतो. हे बघा. ताजे आणि सोमवारचे. काकींचा आकडाही खरा नव्हता."

सरांनी दोन्ही रकाने ओळीओळीने पाहिले. मग अपूर्वाकडे वळून म्हणाले, "हा आकडा अजून अभ्यासाचा आहे. तो पेशंटला सांगायचाच नसतो. हे तुला माहीत नव्हतं?"

अपूर्वा रडवेली झाली. पण ती सुचित्राकडेच पाहत होती. "ताई, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. कागदावर फक्त गेल्या आठवड्याची तारीख होती.

"माहीत होतं," सुचित्रा म्हणाली.

"मग का नाही सांगितलं?"

"तू माझं सगळं घेतलंस म्हणून." बोलून गेल्यावर ते तिला स्वतःलाच लहान मुलीसारखं वाटलं. पण दुसरं काही खरं नव्हतं.

सरांनी डोळे मिटून घेतले. "सदतीस पेशंटचे नमुने फुकट गेले," ते म्हणाले. "त्यातल्या कितींना पुन्हा थुंकता येईल, कुणास ठाऊक."

सारांश मागे घेतला गेला. सुचित्राला लेखी समज मिळाली, अपूर्वालाही. काकींच्या गाठीत कॅन्सर निघाला, पण तेवढ्या एकाच गाठीत. सप्टेंबरात मानेचं ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, दोन महिने गेले असते तर गोष्ट वेगळी होती. काकींचा गणपती यंदा गावी पुतण्याने केला.

शुक्रवारचं काम पुन्हा सुरू झालं. सरांनी दोघींना एकत्र बसवलं, सात वाजेपर्यंत. गोठवण्याबद्दलचं एक पान लिहायला सरांनी सुचित्राला सांगितलं. ते तिने मराठीत लिहिलं, अपूर्वाने इंग्रजीत केलं. त्यावर दोघींची नावं होती. अपूर्वा कामापुरतं बोलायची. "ताई" म्हणायची, पण पूर्वीसारखं नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सुचित्रा वॉर्डात गेली. काकींच्या मानेला पट्टी होती, बोलणं अस्पष्ट होतं. त्यांनी सुचित्राचा हात हातात घेऊन थोपटला. मग दाराकडे बघत विचारलं, "ता चेडू खय हा? येवक नाय?"

सुचित्राच्या छातीत खापरोळ्यांच्या दिवसाची तीच कळ परत उठली. तेवढीच, जराही कमी नाही.

"बोलावते," ती म्हणाली, आणि जिन्याने वर अपूर्वाला बोलवायला गेली.