टीव्हीचा आवाज कमी करा

मित्रांनो, मी एक जुना रंगीत टीव्ही आहे, आणि मला राग आला आहे. म्हातारी माणसं आपली गोष्ट सांगताना आधी हसतात, मग डोळे पुसतात. मला ते जमणार नाही. माझ्या काचेवर धूळ बसली आहे, पण आवाज अजून शाबूत आहे, तोवर ऐकून घ्या.

१९९९ साली मी गोंदियाच्या दुकानातून खोक्यात बसून गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आलो. ग्यानीराम टेंभरे यांच्या घरी. त्यांच्या पत्नी रुक्माबाईंनी मला हळदकुंकू लावलं आणि देवांच्या शेजारच्या टेबलावर बसवलं. जागा फार भाग्याची मिळाली. सकाळी उदबत्तीचा वास, आणि एकादशीला अंगणात कीर्तन झालं की टाळांच्या नादानं माझी काचसुद्धा थरथरायची. बुवा पूर्वरंगात अभंग उलगडत, मग उत्तररंगात आख्यान लावत. बाया पदर डोळ्यांना लावत त्या उत्तररंगात. खरा जीव तिथेच असतो, हे मी देवांच्या शेजारी बसून शिकलो.

मग गावात केबल आली आणि तिच्यातून गोंदियाचं एक लहानसं चॅनल आलं. संध्याकाळी सातला जिल्ह्याच्या बातम्या. वाचायला घनश्यामभाऊ. आपल्याच मातीतला माणूस, भजनात मृदंग वाजवणारा. त्यांच्या बातम्यांनाही पूर्वरंग असायचा : अमक्या साहेबांची बैठक, तमक्या साहेबांची फीत. तो चालू असताना रुक्माबाई भाजी चिरत. पण उत्तररंग सुरू झाला की विळीवरचा हात थांबे. कोणता पूल पाण्याखाली गेला, कोणाची म्हैस चुकली, कोणत्या गावी सप्ताह बसला आणि बुवा कोण. आणि सगळ्यांत शेवटी मातीच्या बातम्या.

आमच्याकडे कुणी वारलं की त्याची 'माती' असते, आणि पाहुणे 'मातीला' जातात. "अमक्या गावचे अमके, यांची माती उद्या सकाळी," असं घनश्यामभाऊ वाचत, क्षणभर थांबत, "रामकृष्ण हरी" म्हणत, आणि पुढचं नाव घेत. ज्या घरी मरण होई, त्या घरचा माणूस आधी चॅनलला कळवी. टीव्हीवर सांगितलं म्हणजे साऱ्या गणगोताला सांगितलं, असा रिवाजच पडला होता. त्या वेळी किती घरांत फोन होते?

आणि मग कुणाला तरी खर्च दिसला. घनश्यामभाऊंना घरी बसवलं. बातम्या लांबच्या शहरात तयार होऊ लागल्या, अर्ध्याहून कमी झाल्या, आणि सातच्या उचलून दुपारी दोनला टाकल्या. सातला गाणी. ऐन धानाच्या रोवणीचे दिवस. दुपारी दोनला गाव बांधीतल्या चिखलात वाकलेलं असतं. माझ्यासमोर बातम्या बघायला मांजर.

"दोन वाजता कोण पायते जी बातम्या? माहे बैलं?" ग्यानीरामजी म्हणाले.

शेजारच्या प्रेमिलाबाई तर माझ्याकडेच बोट करून बोलल्या, "नाचणाऱ्या पोरीचे कपडे बी कमी, अन् बातम्या बी कमी. सारी काटकसर आमच्याच डोळ्यापुढं करून राहिले."

सगळे हसले. मी हसलो नाही. पुढचं ऐका, म्हणजे तुम्हीही हसणार नाही.

रुक्माबाईंना ताप होता, म्हणून एका दुपारी त्या घरी एकट्याच पडून होत्या. दोन वाजले. एक नवी मुलगी बातम्या वाचू लागली. शेवटी ती म्हणाली, "चिचगड येथील शेतकरी बकाराम बिसेन यांच्या मातीची उद्या सकाळी तपासणी होणार आहे. परिसरातील शेतकऱ्यांनी लाभ घ्यावा."

बकाराम म्हणजे रुक्माबाईंचा मोठा भाऊ. एकुलता एक. भावाचं नाव टीव्हीवर! बाई तापात उठल्या. देवापुढे गूळ ठेवला, प्रेमिलाबाईंना दिला, संध्याकाळी चिखलाच्या पायांनी आलेल्या नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"तुह्या भावाच्या मातीत का सोनं निघालं का व?" ग्यानीरामजींनी थट्टा केली.

"निघंल बी! जळू नोका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिचगडकडून मंगरू नावाचा माणूस आला. दारातच थबकला. "काऊन नाई आली वो मावशी? दुपारपावतर थांबून होते सारे. बहिणीले मुख दाखवल्याबिगर नेऊ नोका म्हणे."

रुक्माबाईंच्या हातात तेव्हाही गुळाचा खडा होता.

त्या वाचणाऱ्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यापुढे कागद आला असेल 'यांची माती उद्या'. तिच्या गावी माती म्हणजे माती. तिला सांगायला शेजारी घनश्यामभाऊ हवे होते, आणि नेमके तेच कुणाला जास्तीचे वाटले होते! राग आहे तो त्यांना जास्तीचं ठरवणाऱ्यांवर. उत्तररंग कापून टाकायचा, आणि वर म्हणायचं की कीर्तन चालूच आहे.

पण एवढ्यावर भागलं नाही. चिचगडला भावजय दुर्गेश्वरीबाई चारचौघींत बोलल्या, "टीव्हीवर सांगतलं होतं, तरी नाई आली. मोठ्या घरची झाली आता." ते इकडे पोचलं. रुक्माबाई तेराव्याला गेल्या तर कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, की टीव्हीवर खरं काय सांगितलं ते ऐकून घेतलं नाही. बाईंचा भाऊ गेला, आणि पाठोपाठ माहेरही गेलं.

दिवाळी उलटली. चॅनलला एकदम प्रेक्षकांची आठवण झाली. नवं वेळापत्रक कसं वाटतं, फोन करून सांगा म्हणे. थेट प्रसारण. प्रेमिलाबाईंच्या घरी नुकताच मोबाइल आला होता, तो त्या घेऊन आल्या. माझ्यापुढे बसून रुक्माबाईंनी फोन लावला, आणि लागला. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या घरच्या बाईचा आवाज माझ्याच तोंडातून बाहेर पडला.

"मी रुक्मा टेंभरे बोलून राहिली."

"बोला मावशी! पण पहिले टीव्हीचा आवाज कमी करा," समोरचा हसरा तरुण म्हणाला.

"तो नाई करत बाबू. तुमी माह्या भावाची माती तपासाले निघाले होते, तेव्हा बी आवाज मोठाच होता."

तरुणाचं हसू तसंच राहिलं, फक्त आत काही उरलं नाही.

"बकाराम बिसेन, चिचगड. मेला तो, अन् तुमी लाभ घ्या म्हनलं. म्या गूळ वाटला बाबू, भाऊ मेला त्या दिवशी! माहेर म्हनते, मी मातीले आली नाई. टीव्हीवर चुकलं ते टीव्हीवरच सांगा. त्याचं नाव घेऊन सांगा."

"मावशी, आपण कार्यक्रमाबद्दल बोलू या ना. सातची गाणी आवडतात का?"

"बातम्या कायले तोडल्या, ते सांगा आंधी!"

"मावशींचा आवाज कट होतोय..." आणि साबणाची जाहिरात.

आवाज कट होत नव्हता. मी साक्षीला आहे. खणखणीत येत होता.

दुरुस्ती कधीच सांगितली गेली नाही. पण आवाज जायचा तिथे गेला होता. दुसऱ्या दिवशी एसटीनं दुर्गेश्वरीबाई आल्या. चप्पल काढून थेट माझ्यापुढे खाली बसल्या.

"आयकलं बाई, तुहा आवाज."

रुक्माबाईंनी विचारलं ते एवढंच, "वयनी, कसं होतं व मुख?"

"झोपल्यावानी. खाट रस्त्याच्या अंगानं ठेवली होती, तुह्या वाटेकडं."

पुढचं मी सांगत नाही. ते त्या दोघींचं आहे.

वर्षभरात चॅनलनं दोनच्या बातम्याही बंद केल्या. प्रेक्षकांनी नव्या वेळापत्रकाला भरभरून दाद दिली, असं त्यांनीच माझ्या तोंडून वदवलं. मी डबा आहे, जे आत येतं तेच बाहेर टाकतो. पण ते खोटं होतं. आता माझ्यावर जुना टॉवेल टाकलेला असतो. एकादशीला खिडकीतून देवळातलं कीर्तन ऐकू येतं. ते संपलं की आरतीच्या आधी मृदंग बाजूला ठेवून घनश्यामभाऊ उभे राहतात, आसपासच्या गावांची नावं घेतात, माती कोणाची ते सांगतात, थांबतात, "रामकृष्ण हरी" म्हणतात. विजेशिवाय, केबलशिवाय.

मित्रांनो, माझी धूळ पुसायला कुणी नाही आलात तरी चालेल. पण तुमच्या गावाचं बोलणं कुणी तोडत असेल तर जाऊन विचारा, "काऊन जी?" आणि समोरून कुणी हसत म्हणालं, की आधी आवाज कमी करा, तर रुक्माबाईंची आठवण ठेवा.

करू नका.