मुळाशी कापलेली पानं

चर्चच्या वाचनालयात नवी कादंबरी आली की ती थेट कपाटात जात नसे. आधी ती भिंगबाईंच्या नजरेखालून जायची. पाळकसाहेबांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं होतं आणि बाईंनी ते देवाघरचं काम म्हणून अंगावर घेतलं होतं. वाचून झालं की पुस्तकात एक चिठ्ठी ठेवायची: 'ठेवावी' किंवा 'परत'. बहुतेक वेळा 'परत'च.

चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तपासणीखोलीत काचपट्ट्यांवर थुंकीचे नमुने पाहिले होते. ज्या काचेत काही सापडलं नाही ती नीट पाहिलीच गेली नाही, असं त्यांचं मत. माणसांनाही तोच नियम. दूधवाला गोड बोलला की दूध मोजून घ्यायचं. प्रार्थनेत एखादी बाई जरा जास्त रडली की हिच्या घरी काय शिजतंय याचा विचार करायचा. 'भिंगबाई' हे नाव मंडळीतल्या पोरांनी ठेवलेलं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं.

पण गेल्या वर्षभरात नवलच घडत होतं. नव्या कादंबऱ्या चक्क सोज्वळ निघत होत्या. लागोपाठ तीन पुस्तकांना 'ठेवावी' मिळालं. बाईंनी त्यावर मंडळीच्या मासिकात लेखही लिहिला. 'आजच्या लेखकांची भाषा सुधारली, पण त्यांना पाप म्हणजे काय तेच ठाऊक नाही. त्यांची माणसं काही न करता ढसाढसा रडतात आणि फुकटची क्षमा मिळवतात. अशी क्षमा म्हणजे साखरेची गोळी, औषध नव्हे.' लेखाचं बरंच कौतुक झालं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी त्यांना पायऱ्यांवर गाठलं.

"लेख छान होता हो. पण त्या कानाच्या यंत्राबद्दल चकार शब्द नाही?"

"कुठलं यंत्र?"

"अहो, तुम्हीच 'ठेवावी' म्हटलेल्या कादंबरीतलं. मी विकत घेतलीय ना. ते वाचून माझ्या घशाखाली घास उतरेना. म्हटलं, तुमच्या हातून हे पुस्तक सुटलं कसं?"

ही बया आपली फिरकी घेतेय, असं बाईंना वाटलं. तरी त्यांनी तिच्याकडून तिची प्रत मागून घेतली, वाचनालयातली घेतली आणि घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवून भिंग लावलं. वाचनालयाच्या प्रतीत पृष्ठ एकशे बारानंतर थेट एकशे एकोणीस. मधली तीन पानं मुळाशी कापलेली, आणि पुढचं पान खळ लावून इतक्या सफाईनं चिकटवलेलं की बोट फिरवूनही कळू नये. बाकीच्या दोन पुस्तकांतही हाच प्रकार.

बाईंचा मेंदू धावू लागला. छापखान्याची चूक तिन्ही पुस्तकांत होणार नाही. ग्रंथपाल? त्याला साधं पाकीटही सरळ फाडता येत नाही. मग ऑर्गनवाली? आपलं हसं करायचं म्हणून? तिची बोटं नाजूक, आणि तिला हे प्रकरण आधीच ठाऊक कसं? दोन दिवस हा संशय त्यांनी चांगला पोसला. पण तपासणीखोलीतली जुनी सवय गप्प बसू देईना. नमुना कुठून निघाला, कुणाच्या हातांतून गेला, ते आधी पाहायचं.

पुढची कादंबरी आली तेव्हा त्या स्वतः वाचनालयात गेल्या आणि पानं मोजली. एकशे चोवीस. मग पुस्तक नेहमीच्या वाटेनं गेलं. आठवड्यानं त्यांच्या हाती आलं तेव्हा पानं भरली एकशे वीस. मधल्या काळात ते एकाच जागी होतं. त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर, पुठ्ठा घालण्यासाठी.

तिथं त्यांचा धाकटा भाऊ बाइंडिंगचं काम करायचा. एकटा जीव, कमी बोलणारा, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दाराजवळ बसणारा. मधली बारा वर्षं तो 'बाहेरगावी नोकरीला' होता. बाई सगळ्यांना असंच सांगत.

त्या खाली गेल्या तेव्हा तो शिकंज्यात पुस्तक आवळत होता. बाईंनी कादंबरी त्याच्यासमोर ठेवली.

"चार पानं कुठंयत?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. खणातून एक तपकिरी पाकीट काढलं. आत कापलेली पानं होती, प्रत्येक पुस्तकाची वेगळी, दोऱ्यानं बांधलेली.

"फाडून टाकवली नाहीत, ताई."

"पण कापलीस का?"

"नाहीतर तू 'परत' लिहिलं असतंस. त्या कानाच्या यंत्रवाल्या दारुड्याची गोष्ट कपाटात राहावी असं मला वाटलं. कुणीतरी वाचेल म्हणून. मग पुढच्यांनाही हात लागला."

"आणि माझा लेख? अर्धवट पुस्तकांवर मी अक्कल पाजळली! तू खाली बसून हसत होतास?"

"हसलो नाही. लाज वाटली." त्यानं शिकंजा सैल केला. "पण कापायचं तुझ्याकडूनच शिकलो. माझी बारा वर्षं तूही अशीच कापलीस की."

बाईंनी पाकीट ओढून घेतलं. त्या स्टुलावर बसल्या आणि पहिली तीन पानं वाचू लागल्या. त्यात शिव्या होत्या, नको त्या खोल्या होत्या. बाईंनी दोनदा डोळे मिटले. मग तो दारुडा मुलगा झोपलेल्या आईच्या कानातलं यंत्र काढून नेतो आणि दारूसाठी विकतो. सकाळी तिच्या खाटेशी गुडघे टेकून क्षमा मागतो, आणि तिला ऐकूच येत नाही. ती नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवते.

तो हात पुढच्या, न कापलेल्या पानावर होता; तो बाईंनी आधीही वाचला होता. त्यावर 'फुकटचा हुंदका' असा शेराही मारला होता. आता त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

"तू काय विकलं होतंस?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नव्हता.

"आईचं घड्याळ."

आईचं घड्याळ इस्त्रीवालीनं नेलं, असं बाईंनी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं. घरात येणारी परकी तेवढीच एक. गल्लीत दोन घरांना सावधही केलं होतं.

"तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"मी दारूत होतो, शुद्धीत नव्हतो. शुद्धीवर आलो तेव्हा तू म्हणालीस, मागचं काही काढायचं नाही."

ती पानं परत चिकटवायला दोघांना तीन दिवस लागले. तो खळ लावायचा, त्या आकडे जुळवायच्या. सगळं वाचून झाल्यावर कानाच्या यंत्राच्या कादंबरीत बाईंनी नव्यानं 'ठेवावी' लिहिलं. दुसऱ्या दोन पुस्तकांनाही तेच. चौथीवर मात्र 'परत'. "हिच्यात पापही आहे आणि त्याची मजाही मारलीय," त्या म्हणाल्या. भावाला ते पटलं नाही, दोघांचं वाजलंही, पण शेरा बदलला नाही. मासिकाला त्यांनी चार ओळी पाठवल्या: आपला लेख अपुऱ्या वाचनावर होता, तो मागे घेत आहोत.

मग दोघं इस्त्रीवालीकडे गेले. भावानं सांगितलं, बाईंनी सांगितलं. ती इस्त्री न थांबवता ऐकत होती. बाह्या झाल्या, कॉलर झाली.

"माफ करा म्हणताय, ठीक आहे," शेवटी ती म्हणाली. "पण माझी दोन घरं तुटली तेव्हा. तिथं जाऊन कोण सांगणार?"

"मी," बाई म्हणाल्या.

पहिल्या घरानं ऐकून घेतलं आणि चहा विचारला. दुसऱ्या घरातल्या वहिनींनी दार साखळीएवढंच उघडलं आणि बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"इतक्या वर्षांनी हे का सांगताय? तिनं पाठवलंय का तुम्हाला? की यात तुमचं काही आहे?"

नजर ओळखीची होती. बाईंनी एवढी वर्षं तीच जगावर रोखली होती.

"माझंच आहे," त्या म्हणाल्या. आणि बाहेर पायपुसण्यावर उभ्या राहून, एकही गोष्ट न गाळता, त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.