परत येणारं नाणं

निवृत्तीनंतर वर्षभरातच रविकांतरावांना अर्धांगवायूचा झटका आला. आवडी या गावातल्या रणगाडा कारखान्यात नाजूक यंत्रं जुळवणारा त्यांचा उजवा हात आता शर्टाचं बटणही लावेना. हत्यारांची पेटी त्यांनी पलंगाखाली ढकलून दिली आणि दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले.

दोन हजार चारच्या पोंगलच्या सुट्टीत वरच्या मजल्यावरची अंबुजा रिक्षातून एक अवजड लोखंडी यंत्र घेऊन आली. ती तंजावरकडच्या मराठी घरातली, शाळेत गणित शिकवायची. जॉर्ज टाउनच्या जुन्या बाजारातल्या भंगारवाल्याकडे तिला हे जुगाराचं यंत्र मिळालं होतं, ब्रिटिशांच्या काळातल्या कुठल्याशा क्लबातलं. नाणं टाकून दांडा ओढायचा, की चित्रांची तीन चाकं फिरतात; तिन्ही चित्रं सारखी आली तर जिंकलो.

"जुगारात माणूस शेवटी हरतोच, ते पोरांना दाखवायचं आहे, अण्णा," ती रविकांतरावांना म्हणाली. "पण टाकलेलं नाणं परतच येतंय."

"माझा हात चालत नाही," ते म्हणाले.

"डोळे चालतात ना?" त्यांची बायको विद्युलता म्हणाली आणि तिने पलंगाखालची पेटी ओढली.

मागचं झाकण तिनेच काढलं. रविकांतरावांनी बॅटरीचा झोत आत टाकला. अंबुजाने आठ आण्याचं जुनं नाणं सोडलं. ते घरंगळत एका छोट्या पितळी पट्टीवर बसलं, क्षणभर थांबलं आणि बाजूने खालच्या ताटलीत पडलं.

"तराजू आहे हा," रविकांतराव हळूच म्हणाले. "पलीकडे वजन आहे बघ. नाणं पुरेसं जड असेल तर पट्टी कलते, नाणं पुढे जातं आणि दांड्याचा अडसर सुटतो. हलकं, खोटं नाणं बाहेर फेकलं जातं."

"पण हे तर खरं आहे!" अंबुजा म्हणाली.

पलीकडचं वजन जास्त असणार, असं समजून त्यांनी कानस मागितली. डाव्या हाताने घासायला गेले तर ती सटकली आणि बोटाला खरचटलं. त्यांनी कानस टेबलावर आदळली. "नको. घेऊन जा हे!"

विद्युलताने वाकून पट्टीला बोट लावलं. "अहो, ही खाली जाते, पण आपणहून वर येत नाही. चिकटल्यासारखी वाटते."

त्यांनी पुन्हा झोत टाकला. पट्टी ज्या पिनेवर हलते, तिथे कित्येक वर्षांचं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं.

"वजनाला हात लावायचाच नव्हता," ते म्हणाले. राग कुठल्या कुठे गेला होता. "रॉकेल आण. पिन सोडवशील? मी सांगतो तसं कर. घाई नको."

विद्युलताने पिन काढली, रॉकेलात बुडवून पुसली. पिनेचं भोक साफ करताना ती इतकी रंगली, की गॅसवरचं वरण करपलं. पिन परत बसवताना तिची बोटं पोचेनात, तेव्हा रविकांतरावांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी पट्टी धरून ठेवली. पिन बसेपर्यंत पट्टी सुटली नाही.

अंबुजाने नाणं टाकलं. पट्टी अलगद कलली, आत खट् वाजलं आणि दांडा मोकळा झाला. तिने तो ओढला. तीन चाकं खडखडत फिरली. दोन लिंबं आली आणि एक घंटा.

"अय्यो, हरले!" अंबुजा आनंदाने ओरडली.

रविकांतराव मात्र अजून आत बघत होते. "तिसरं चाक उशिरा थांबतंय," ते म्हणाले. "विद्युलता, तो बारीक पेचकस दे. नाहीतर असं कर, तूच उघड."