मला न ओळखता आलेली गाठ

सुधाताईंच्या डाव्या दंडावर टिकलीएवढा एक वण आहे. कडा किंचित उंच, मध्ये खळगा. लहानपणी टोचलेल्या क्षयाच्या लशीचा तो. मित्रांनो, त्या लशीनेच मला पहिल्यांदा लढायला शिकवलं. मी एक जुनी पांढरी पेशी आहे, सुधाताईंच्या रक्तातली.

माझं शिक्षण त्याआधी छातीच्या हाडामागच्या लहानशा ग्रंथीत झालं. तिथला नियम कडक होता : आपल्या माणसांना हात लावायचा नाही. ज्यांना हे जमलं नाही, त्या तिथेच संपल्या. मी पास झाले. पुढे सुधाताई आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या हजीरा भागात, तिथल्या शाळेत शिकवू लागल्या. मुलांकडून येणारे ताप आम्ही बहिणींनी वाटून घेतले. "मला कधी काही होत नाही," असं त्या म्हणायच्या. तेवढंच आमचं कौतुक.

मग मानेत गाठ आली. कर्करोगाची. तिच्या पेशी घरच्याच. त्यांच्या अंगाला घासून मी रोज पुढे जाते आणि नियमाप्रमाणे त्यांना सोडून देते. दोनदा कीमोची औषधं झाली. गाठ परत आली, आमच्यातल्या कितीतरी मात्र त्या औषधांत गेल्या.

आता डॉक्टर म्हणतात, आम्हाला बाहेर काढायचं, प्रयोगशाळेत त्या गाठीची खूण ओळखायला शिकवायचं, वाढवायचं आणि परत रक्तात सोडायचं. गुण येईलच अशी खात्री नाही. पण हे पुढच्या औषधाआधी व्हायला हवं. नंतर आम्ही कामाच्या उरणार नाही. सुधाताई महिनाभर "बघू" म्हणताहेत.

"आई, कल कीमो है," गरिमा, त्यांची लेक, आज म्हणाली. "डॉक्टरांना आजच सांगायचंय ना."

"दाल बाजारात पावशेर डाळ घ्यायला ही चार दुकानं हिंडते," दिनकरराव बायकोकडे न बघता म्हणाले. "हिला घाई करू नकोस."

"डाळ वाईट निघाली तर परत करता येते," सुधाताई म्हणाल्या. "दोनदा आशा धरली मी. तिसऱ्यांदा धरायची भीती वाटते हो."

दिनकररावांनी आता बायकोकडे बघितलं.

मित्रांनो, आम्हाला तोंड नाही. मला घेऊन चला, शिकवा, असं आतून सांगता येत नाही. तुमच्याही रक्तात आम्ही आहोत. आमच्यासाठी बोलायचं ते तुम्हीच, आणि वेळेवर.

"भीती राहू दे, पण उद्यानंतर 'बघू' म्हणायलाही काही उरणार नाही," म्हणत सुधाताईंनी गरिमाच्या हातातून फोन घेतला आणि नंबर लावला.

"डॉक्टर, उद्याचं औषध थांबवा. आधी माझ्या पेशी काढून घ्या."