थॅचमसाहेबाचा शेवट

अरविंदराव दिघ्यांनी रिटायर झाल्यापासूनची सगळी वर्षं एका मेलेल्या इंग्रजाच्या नादात घालवली. एडविन थॅचम, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला सर्जन. लंडनमध्ये शिकला, सोनं शोधणाऱ्यांच्या बोटीत बसून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात आला आणि खाणकामगारांचे सडलेले पाय कापत म्हातारा झाला. अरविंदराव स्वतः सर्जन, त्यामुळे त्यांना तो घरचाच वाटे. तिथल्याच बर्नाबी शहरातल्या त्यांच्या घराचं बेसमेंट त्याच्याच कागदांनी भरलेलं. जयंतीबाई म्हणायच्या, "सवत परवडली असती हो. ती निदान भांडायला तरी येते."

त्याच्यावरचं पुस्तक 'होत आलंय' हे पालुपद कितीतरी वर्षं चालू होतं. दर रविवारी शैलेंद्र खिचडी खायला यायचा आणि मन लावून ऐकायचा. अरविंदरावांच्याच हाताखाली तो सर्जन झालेला. पोटच्या पोरासारखा, असं ते चारचौघांत सांगत.

त्या शनिवारी जयंतीबाई म्हणाल्या, "शैलेंद्रचं लायब्ररीत भाषण आहे. नुसतं ऐकून येऊ." अरविंदराव कौतुकाने ब्लेझर घालून निघाले.

दारातल्या टेबलावर पुस्तकांची चळत होती. वर थॅचमचं चित्र, खाली शैलेंद्रचं नाव. त्यांनी पहिलं पान उघडलं. पहिलं वाक्य त्यांचं. दुसरंही त्यांचंच.

"अगं, हे माझं आहे!"

जयंतीबाई जमिनीकडे बघत होत्या. तेवढ्यावरून अरविंदरावांना कळायचं ते कळलं.

खुर्चीवर कसे बसले, त्यांचं त्यांना ठाऊक. शैलेंद्र वाचत होता: क्लोरोफॉर्म यायच्या आधी तरुण थॅचम रोग्याला सांगायचा, आज फक्त तपासतो, बोलता बोलता चौघं त्याला धरायचे आणि पाय वेगळा. 'यात दयाच होती,' असं अरविंदरावांनी पुढे लिहिलं होतं. दया कसली, डोंबलाची! टेबलावर पडलेल्या माणसाला काय वाटत असेल, ते त्यांना आत्ता कुठे समजलं.

"तुमच्या हातून पुरं झालं नसतं," जयंतीबाई कुजबुजल्या. "तो म्हणाला, दोघांची नावं घालतो. म्हणून मी पेनड्राइव्ह दिला. तुमचं नाव नाही, हे मलाही इथेच कळलं. देवाशपथ."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर दिलं असतंत?"

अरविंदरावांना इतकं परकं, इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. शैलेंद्र चोर निघाला, ठीक आहे. पण त्याला घराचं दार आतून उघडून दिलं होतं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, शेवटी हा थॅचम मेला कसा?

शैलेंद्र उगाच पानं चाळू लागला. ते प्रकरण लिहिलेलंच नव्हतं. ते लिहिलं की थॅचम हातचा जाणार, म्हणून अरविंदरावांचा हात धजला नव्हता. शेवटच्या आजारात थॅचमची सेवा केलेल्या बाईच्या पणतीने ती हकिगत त्यांना तोंडी सांगितली होती, आणि ती म्हातारीही आता नव्हती. एका खलाशाची जखम शिवताना थॅचमला सुई लागली. हात सडत गेला. ज्याने शेकडो हातपाय कापले, त्याने स्वतःच्या हाताला मात्र कुणाची सुरी लागू दिली नाही. सगळा वेळ तो त्या बाईला म्हणत होता, मला खोटं सांगू नका. जगात हे आता एकट्या अरविंदरावांना माहीत होतं.

ऑपरेशनमध्ये अडला की शैलेंद्र ज्या नजरेने त्यांच्याकडे बघायचा, तसंच त्याने बघितलं. "सर?" तो माइकमध्ये म्हणाला.

सगळ्या माना वळल्या. जयंतीबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. "सांगा ना हो. तुम्हाला येतंय."

अरविंदराव उभे राहिले. सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

"आय डोन्ट नो," ते म्हणाले आणि खाली बसले.

जयंतीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. शैलेंद्रचा जीव भांड्यात पडला. ते कुणालाच ठाऊक नाही, असं त्याने हसून जाहीर केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.