घरापुरती भाषा

सहादू भिंतीला ओळंबा लावून उभा होता, तेवढ्यात संस्थेची जीप धूळ उडवत बांधकामाशेजारी येऊन थांबली. आप्पासाहेब खाली उतरले. संस्थेचा सगळा कारभार तेच पाहत. एरवी आल्या आल्या ते कामाची चौकशी करायचे. आज त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सहादू, हात धू आणि चल. बावरसाहेब कालपासून सारखे बोलतायत, पण काय बोलतायत ते नगरच्या दवाखान्यात एकालाही कळेना."

"विंग्रजीत बोलत न्हाईत?"

"इंग्रजी गेली. शिकलेली मराठी होती, तीही गेली. तापात नुसती त्यांची जर्मन उरलीय. ती तुला येते म्हणतात."

सहादूने थापी मातीच्या ढिगात खोचली. "मला घरापुरती येती, आप्पासाहेब."

"तेवढी तरी," आप्पासाहेब म्हणाले.

त्र्याहत्तर सालचा मे महिना होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसली होती. सहादू मुळातच अबोल. नवऱ्याच्या तोंडून दिवसाकाठी दहा शब्द ऐकले तरी भीमाबाईला नवल वाटायचं. पण गेल्या सव्वा वर्षात तो त्या गोऱ्या म्हाताऱ्याशी बोलला, तेवढा आयुष्यात कुणाशी बोलला नव्हता.

बावरसाहेब जर्मनीहून आले ते बौद्धवाड्यातल्या बारा कुटुंबांना घरं बांधून द्यायला. सिमेंट जवळजवळ नाही, लोखंड नाही. इथलीच माती, इथलाच दगड, आणि उन्हाळ्यात गार राहील असं घर. पहिल्याच दिवशी त्यांनी ओढ्याकाठची मूठभर माती उचलली, पाण्यात भिजवली, तळहातावर वळली आणि सहादूपुढे धरून म्हणाले, "लेम." म्हणजे बांधकामाची माती, हे सांगावं लागलं नाही. सहादूने ती वळी घेतली, उन्हात धरली आणि मोडून दाखवली. "ही चोपण हाय. हिची भित फुगती," तो म्हणाला, आणि साहेबांना दोन मैल चालवत गढीपाशी घेऊन गेला. तिथली पांढरी माती त्यांच्या हातावर ठेवून म्हणाला, "ही लेम." साहेब मोठ्यानं हसले. त्या दिवशी साहेब 'चोपण' शिकले आणि सहादू 'लेम'.

मग रोज तेच. भिंत म्हणजे वांड, छप्पर म्हणजे डाख, पाणी वासर, दार ट्यूर, सावली शाटन. साहेबांनी नकाशात मावळतीला मोठी खिडकी काढली, तेव्हा सहादूने त्यांना दुपारी तीन वाजता मावळतीकडच्या भिंतीच्या दगडावर हात ठेवायला लावला. साहेबांनी हात झटकन मागं घेतला आणि खिडकी उत्तरेला नेली. छपरावरचं पाणी साठवायला साहेबांनी टाकी काढली, तर गाव हसलं. आभाळात ढग नाही आणि टाकी कशाला? सहादू हसला नाही. त्याने उतार कुठून द्यायचा तेवढं विचारलं, तेही जर्मनमध्ये. संध्याकाळी काम थांबलं की साहेब परीक्षा घेतल्यासारखे एकेक विचारायचे, भिंत सरळ आहे का, दार नीट उघडतं का, आणि सहादू एकेकाचं उत्तर द्यायचा. मातीच्या ढिगावर नाचणाऱ्या पोरांमुळे 'किंड' हा शब्दही त्याला आला. पण साहेबांना बायको होती का, मुलंबाळं होती का, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारायला शब्दच नव्हते. घराच्या बाहेरचं काही त्या भाषेत त्याला येत नव्हतं.

एकदा मात्र साहेब सहादूच्या घरी भाकरी खायला आले असताना भीमाबाईने त्यांना अंगणातलं पेव दाखवलं होतं. जमिनीखाली धान्य ठेवायची ती जागा दोन सालं रिकामीच होती. साहेबांनी वाकून आत पाहिलं. "केलर," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. भाकरी तशीच ठेवून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सहादूने नव्या घराखाली पेव काढायचं का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी कागदावर फुली मारली.

दवाखान्यात साहेब खाटेवर पडले होते. विषमज्वराने निम्मे झाले होते. कपाळावरची ओली पट्टी सिस्टर सारखी बदलत होती. ओठ हलत होते आणि शब्द लोंढ्यासारखे बाहेर पडत होते. सहादू स्टुलावर बसला आणि कान देऊन ऐकू लागला. दहातले नऊ शब्द त्याच्या हाताला लागेनात. जे लागले ते त्याने धरून ठेवले. केलर. ट्यूर. किंड. पुन्हा केलर. पुन्हा ट्यूर. आणि फॉयर, म्हणजे आग. चुन्याची भट्टी लावताना शिकलेला.

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतात? कुठं दुखतंय का?"

"दुखायचं काय बोलत न्हाईत," सहादू म्हणाला. "घर पेटलंय. ल्येकरू खाली तळघरात हाय. दार उघडंना."

आप्पासाहेब डॉक्टरांकडे पाहू लागले. संस्थेच्या कागदांत साहेबांच्या घरच्यांचं एकही नाव नव्हतं. कुणी काही विचारायच्या आत साहेबांनी डोळे उघडले आणि सहादूचं मनगट पकडलं. ओळखलं की नाही कुणास ठाऊक. पण प्रश्न ओळखीचा होता, रोज संध्याकाळी कामावर विचारायचे तसाच.

"इस्ट डी ट्यूर आउफ?" दार उघडं आहे का?

भिंतीत बोटभर बाक असला तरी सहादूने तो साहेबांपासून कधी लपवला नव्हता. तो त्या तापलेल्या हाताकडे बघत राहिला.

"या," तो म्हणाला. "ट्यूर आउफ."

"किंड?"

लेकरू बाहेर आहे, असं सहादूला म्हणायचं होतं. बाहेर म्हणजे ड्राउसन. तो शब्द त्याने मनात शोधून काढला. "किंड ड्राउसन. इम शाटन." लेकरू बाहेर आहे. सावलीत.

"वासर?"

"वासर दा." पाणी आहे.

साहेबांची पकड हळूहळू सैल झाली. त्यानंतर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते गेले. ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती देताना बौद्धवाड्यातली सगळी माणसं खडीचं काम बुडवून आली होती.

सहादू घरी आला, पण त्याला जेवण जाईना. आपण मरत्या माणसाला फसवलं, असं तो भीमाबाईला म्हणाला. त्या माणसाला तुमच्याकडं दुसरं काय द्यायला होतं, असं तिने विचारलं.

दिवाळीनंतर साहेबांचा पुतण्या आला, वकिलातीने शोधून काढलेला. बरोबर पुण्याहून आणलेला दुभाषा होता. पुरं झालेलं पहिलं घर बौद्धवाड्यातल्या रंगुबाईला मिळालं होतं. तिच्या ओसरीवर शाळेतून मागून आणलेल्या खुर्च्या मांडल्या. शेवटी काका काय बोलले, असं पुतण्याने दुभाष्याकडून विचारलं. सहादूने दुभाष्याकडे पाहिलं नाही. त्याने साहेबांचं ऐकलेलं आणि आपलं बोललेलं, दोन्ही होतं तसं जर्मनमध्ये सांगितलं.

पुतण्याने कपबशी खाली ठेवली. मग त्याने सांगितलं ते दुभाष्याने मराठीत आणलं. महायुद्धात शहरावर बाँब पडले तेव्हा साहेब आघाडीवर होते. बायको आणि सहा वर्षांची मुलगी तळघरात लपल्या होत्या. घर साहेबांनी स्वतः बांधलेलं. तळघराचं लोखंडी दारही त्यांनीच बसवलेलं. ढिगाऱ्याखाली ते दार उघडलं नाही.

"आणखी एक म्हणतायत," दुभाषा म्हणाला. "तुमची जर्मन पुस्तकातली नाही. यांच्या खेड्यातली आहे. काका असेच बोलायचे, यांची आईही असंच बोलायची. आता घरात तसं बोलणारं कुणी राहिलेलं नाही. आणखी काही बोला म्हणतायत. काहीही."

सहादू उठला. त्याची जर्मन घरापुरतीच, म्हणून तो घर दाखवू लागला. एकेका वस्तूवर हात ठेवून तिचं जर्मन नाव घेत गेला. भिंत, खिडकी, छप्पर, उंबरा. पुतण्या मागोमाग चालत होता आणि ओठातल्या ओठात तेच शब्द म्हणत होता. चांगला पन्नाशीचा माणूस, पण डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं. घर दोन खणांचं. मागच्या दारापर्यंत आले आणि घर संपलं. दोघे तिथेच उभे राहिले.

गाडी गेल्यावर भीमाबाईने विचारलं, "पाव्हनं लई येळ थांबलं हुतं मागं. काय म्हनत हुतं?"

"बोला म्हनत हुतं अजून," सहादू म्हणाला. "पन माझं शब्द सरलं हुतं."

शाळा सुटायच्या आत खुर्च्या पोचवायच्या होत्या. एक तिने घेतली, एक सहादूने डोक्यावर घेतली, आणि दोघं उन्हातून गावाकडे निघाली.